महत्त्वाकांक्षा आणि रोजचे सुख : एक विचार

गेल्या वर्षावासातील गोष्ट आहे. धारूर येथे रविवारच्या ग्रंथवाचनास संस्थेचे सभासद, माता-भगिनी आणि विद्यार्थी जमले होते. वाचन संपले, खीर वाटायची होती, तेवढ्यात मागच्या रांगेतील एक विद्यार्थी उभा राहिला. म्हणाला, "सर, तथागतांनी तृष्णा हे दुःखाचं मूळ सांगितलं. बाबासाहेबांनी मोक्याच्या जागा मिळवा असं सांगितलं. मग आम्ही काय करायचं? अभ्यास करून साहेब व्हायचं, का आहे त्यात समाधान मानायचं?"

सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो आणि "मध्यम मार्ग धर, बाळ" असे काहीसे बोलून वेळ मारून नेली. मुलगा खाली बसला. त्याचे समाधान झाले नव्हते हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. आणि खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते. मध्यम मार्ग हा शब्द अडचणीच्या प्रश्नातून सुटण्यासाठी आपण जरा जास्तच वापरतो. स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा त्या मुलाचे राहिलेले उत्तर द्यावे असे ठरविले. विद्यार्थी मित्रांनी ते वाचावे व पटले नाही तर पुन्हा विचारावे.

प्रथम हे सांगितले पाहिजे की, 'समाधान' हा शब्द आपल्या समाजाच्या कानाला गोड लागत नाही, आणि त्यास कारण आहे. पिढ्यान् पिढ्या हा शब्द आपल्याला उपदेश म्हणूनच ऐकविला गेला. ज्याच्या घरात दाण्याची कणगी भरलेली असे तो, ज्याच्या घरी चूल पेटायची भ्रांत असे त्याला सांगे, आहे त्यात सुख मान. गावकीची कामे करायची, दारोदार भाकरी मागायची, आणि हेच आपले प्राक्तन असे समजून स्वस्थ राहायचे. जो स्वस्थ राहीना त्याला माजला असे म्हणत. अशा रीतीने लादलेल्या समाधानाला समाधान म्हणणे म्हणजे पिंजऱ्यातल्या पाखराला घरकोंबडे म्हणण्यासारखे आहे.

ही स्वस्थता बाबासाहेबांनी मोडली. तीही आधी स्वतःच्या आयुष्यात मोडली. १९१३ साली, वयाच्या बाविसाव्या वर्षी, बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे लंडनला गेले. १९१७ साली शिक्षण अर्धवट ठेवून परत यावे लागले, पण ते तेथेच सोडून दिले नाही. पैसे जमवून १९२० साली पुन्हा लंडन गाठले आणि डी.एस्सी. पदवी व बॅरिस्टरी पुरी करूनच १९२३ साली परतले. ह्या सर्व काळात माता रमाईने मुंबईत काय सोसले हे आपण जाणतोच. त्यांनाही कोणी "आहे त्यात समाधान मान" असे सांगणारे भेटलेच असतील.

मराठवाड्यापुरते बोलायचे तर १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि दोनच वर्षांत, १९५० साली, बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय सुरू केले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखले जाऊ लागले. ज्या भागात आपल्या माणसाला चौथी पास होणे अवघड होते तेथे त्यांनी एकदम महाविद्यालयच काढले. नाव ठेवले ते प्रश्न विचारणाऱ्या राजाचे, मिलिंदाचे. आणि परिसराला नाव दिले उत्तरे देणाऱ्या भिक्खूचे, नागसेनाचे. मागच्या रांगेतून उठून प्रश्न विचारणाऱ्या मुलांची सोय त्यांनी जणू नावातच करून ठेवली होती.

बालाघाटातल्या कितीतरी वस्त्यांतून पहिला पदवीधर निघाला तो नागसेनवनातून. आम्हीही त्यांपैकीच एक. घरून निघताना आमच्याजवळ एक पत्र्याची पेटी, दोन शर्ट आणि वस्तीतल्या सात घरांनी मिळून जमविलेले पैसे होते. त्या वेळची महत्त्वाकांक्षा एकट्याची नसे. एक पोरगा मॅट्रिक झाला तर सारी वस्ती मॅट्रिक झाल्यासारखी वागे. ही महत्त्वाकांक्षा काहींना खुपलीही. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ हा दिवस उजाडावा लागला. एका नावासाठी सोळा वर्षे. तेव्हा महत्त्वाकांक्षा ही वाईट गोष्ट आहे, असे कोणी धम्माच्या नावाने सांगू लागला तर ते आम्ही मानणार नाही.

येथे एक विषयांतर करतो, धारूरकरांना ते आवडेल. आपल्या गावाच्या किल्ल्यावर विद्यार्थ्यांनी एकदा तरी सावकाश फिरावे. सोळाव्या शतकात आदिलशाहीतील सरदार किश्वरखान याने तो बांधला असे इतिहासकार सांगतात. मग तो निजामशाहीने घेतला. १६३१ साली मोगलांनी घेतला. मोगल काळात गावाचे नाव फतेहाबाद, म्हणजे विजयाचे गाव, असे झाले. एवढ्या सगळ्यांनी एवढे रक्त सांडून जिंकले, आणि गावाने नाव ठेवले ते आपले धारूरच. तट ढासळत चालले आहेत. आत खारी दिंडी आणि गोडी दिंडी ही पाण्याची जुनी ठिकाणे आहेत. लहानपणी एकाच किल्ल्यात खारे आणि गोडे पाणी कसे, याचे आम्हाला नवल वाटे. दुसऱ्याचे घेऊन मोठे होण्याची हौस आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याची ओढ ह्यांनाही आपण महत्त्वाकांक्षा हे एकच नाव देतो. पण चव वेगळी असते.

पाली भाषेत ह्या दोहोंसाठी दोन शब्द आहेत. 'तण्हा' म्हणजे तहान, जी पिऊन भागत नाही. आणि 'छंद' म्हणजे काही करण्याची इच्छा. ती चांगल्या कामाकडे वळलेली असली की तिला कुसल छंद म्हणतात. तथागतांनी तण्हा सोडायला सांगितली. चांगले करण्याची इच्छा सोडायला सांगितले नाही, उलट सम्यक व्यायामात तीच पहिल्यांदा लागते. आपण नेहमी म्हणतो ते महामंगल सुत्त घ्या. त्यातील अडतीस मंगलांत पुष्कळ विद्या मिळविणे हे मंगल आहे, हातात कला-कसब असणे हे मंगल आहे, आणि पुढे संतुष्टी हेही मंगल आहे. एकाच सुत्तात, थोड्याच अंतरावर. ज्यांनी ते सांगितले त्यांना ह्यांत भांडण दिसले नाही.

बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. त्यात त्यांनी ह्या मुद्द्यावर अगदी स्वच्छ भूमिका घेतली आहे. भगवंतांनी दारिद्र्याला धन्य अवस्था म्हटलेले नाही. गरिबाने गरिबीत खूष राहावे असे सांगितलेले नाही. संपत्ती मिळवावी, मात्र ती विनयाच्या, शीलाच्या मर्यादेत राहून मिळवावी, असा त्याचा आशय आहे. म्हणजे प्रश्न किती मिळवले हा नसून कसे मिळवले आणि ते मिळाल्यावर माणूस कसा राहिला हा आहे.

आता जे सांगायचे आहे ते ग्रंथातून आधी कळले नाही, घरातून कळले.

आमचे आईवडील ऊसतोडीला जात. बहात्तरच्या दुष्काळाने आमच्या भागाला कोयता हाती धरायला लावले असे म्हणतात, पण आमचे आबा त्याआधीपासून जात होते. ज्यांना ही पद्धत माहीत नाही अशा शहरातील वाचकांसाठी सांगतो. दसरा-दिवाळी झाली की मुकादम गावात येतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. त्या एका कोयत्यामागे मुकादम हंगामाच्या आधीच रक्कम देतो, तिला उचल म्हणतात. उचल घरातल्या आजारपणात, लग्नात, जुन्या देण्यात जायच्या आधीच संपते. मग पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्याच्या फडावर पाच-सहा महिने कोपीत राहून ती अंगमेहनतीने फेडायची. पहाटे फड, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, गाडी भरायची. गाडी रात्री केव्हा भरायची याला काळवेळ नाही. दोघांपैकी एक जण आजारी पडला की खाडा, आणि खाड्याचा पैसा हिशेबात कापला जातो. कारखान्याचा पट्टा पडला की हिशेब होतो. जेवढा ऊस तोडला त्याची मजुरी उचलीपेक्षा कमी भरली तर राहिलेली रक्कम 'बाकी' म्हणून अंगावर चढते. बाकी असलेला माणूस पुढच्या वर्षी दुसऱ्या मुकादमाकडे जाऊ शकत नाही. त्याचे पुढचे वर्ष आधीच विकलेले असते.

आमच्या घरात अशी बाकी नऊ वर्षे होती. कधी थोडी, कधी फार. माय तिला माणसासारखी वागवी. "ती बया अजून घरात हाय," असे म्हणे. आम्ही आठवीत असताना एका चैत्रात टोळी परत आली. बैल सोडले, गाडीतले सामान उतरविले. माय पाण्याची घागर घेऊन आत गेली, बाहेर आली, उंबऱ्यात बसली आणि आम्हाला म्हणाली, "औंदा बाकी न्हाई." बस्स, एवढेच. घरात जिंकून आणलेले काही नव्हते. ज्वारीच होती, लसणाचा ठेचा होता. पण त्या संध्याकाळी माय जशी पाय पसरून बसली तशी आम्ही तिला आधी कधी बसलेली पाहिली नव्हती. आबांनी चहा केला. आबांना चहा करताना पाहण्याचीही ती पहिलीच वेळ.

पुढे पुष्कळ वर्षांनी आम्ही अंगुत्तर निकायातील एक लहानसे सुत्त वाचले आणि एकदम ती संध्याकाळ डोळ्यांपुढे उभी राहिली. श्रावस्तीचा मोठा सावकार अनाथपिंडिक भगवंतांपाशी बसला होता. हा तोच, ज्याने जेतवनाची जमीन सोन्याच्या नाण्यांनी झाकून विकत घेतली. भगवंतांनी त्याला गृहस्थाची चार सुखे सांगितली. आपल्या कष्टाने, घामाने, न्यायाने मिळविलेले आपल्यापाशी आहे, हे पहिले सुख. ते आपण उपभोगतो आणि त्यातून चांगली कामे करतो, हे दुसरे. आपण कोणाचे काही, थोडे किंवा फार, देणे लागत नाही, हे तिसरे. आणि आपल्या काया-वाचा-मनाने दोष घडलेला नाही, हे चौथे. पहिली तिन्ही मिळूनही चौथ्याच्या सोळाव्या हिश्शाला पुरत नाहीत, असेही पुढे सांगितले.

तिसऱ्या सुखाला पालीत 'अनण सुख' म्हणतात. अन-ऋण, ऋण नसल्याचे सुख. अडीच हजार वर्षांपूर्वी एका धनिकाला सांगितलेला हा शब्द, त्याचा अर्थ आम्हाला आमच्या मायने उंबऱ्यात बसून सांगितला होता. ती शाळेत गेली नव्हती.

मग मायला महत्त्वाकांक्षा नव्हती काय? होती, आणि चांगलीच होती. बाकी फेडायची, पोरगा कोयत्याला जाऊ द्यायचा नाही. ह्यासाठी ती नऊ हंगाम झगडली. आणि ज्या संध्याकाळी ती पुरी झाली त्या संध्याकाळी तिने पुढची सुरू केली नाही; बसली. आमच्या मुलाला द्यायचे उत्तर जवळपास येथेच आहे. साध्या घरातले सुख महत्त्वाकांक्षेच्या विरुद्ध बाजूला उभे नसते. बऱ्याच वेळा ते तिचेच फळ असते. पण झाडाखाली थांबेल त्यालाच फळ मिळते.

आमच्या पिढीने थांबण्यात कुचराई केली. नोकरी लागली, मग पदोन्नती, मग सोयीची बदली, मग प्लॉट, मग त्यावरचे घर, मग दुसऱ्याच्या घरापेक्षा मोठे घर. प्रत्येक पायरीला वाटे, एवढे झाले की बसू. माय म्हातारी झाली होती. तिला जुन्या घरापुढे दगडी ओटा हवा होता, संध्याकाळी बसायला. काम दोन दिवसांचे होते. आम्ही ते पाच वर्षे लांबविले, कारण नवीन घर बांधायचे होतेच, त्याला ओटा होणारच होता. नवीन घराला ओटा झाला नाही, गाडी उभी करायला जागा झाली. शेवटी जुन्या घरापुढे ओटा घातला तेव्हा मायला दिसणे कमी झाले होते. ह्यात दोष कोणाचाच नाही, आमचा आहे.

आणि उचल गेली असे समजू नका. कोयत्याची उचल अजून आहेच. बीड जिल्ह्यातून आजही लाखो माणसे दरसाल फडावर जातात. पण जे कोयत्यातून सुटले त्यांच्या घरात आता हप्ता आला आहे. मोटारसायकलचा हप्ता, मोबाईलचा हप्ता, लग्नाच्या कर्जाचा हप्ता, गटाचा हप्ता. आमच्या आबांचे पुढचे सहा महिने मुकादमाकडे गहाण असत. शिकल्या-सवरल्या पोराची पुढची पंधरा वर्षे गहाण असतात आणि त्याला आपण प्रगती म्हणतो. घर बांधायला, शिक्षणाला कर्ज काढावेच लागते. ते काढू नये असे आमचे म्हणणे नाही. पण शेजारच्या लग्नात चार गाड्या होत्या म्हणून आपल्या लग्नात सहा हव्यात, ही छंदाची गोष्ट नव्हे, ही तहान आहे.

येथे आणखी एक गोष्ट नमूद करतो, कारण असे लेख लिहिणारे बहुधा पुरुष असतात आणि ती विसरतात. घरचे सुख, गरम भाकरी, संध्याकाळचा चहा, हे सारे आपण वर्णन करतो तेव्हा चुलीपुढे कोण बसले आहे ते पाहावे. फडावरची बाई पुरुषाइतकाच ऊस तोडते, मोळ्या डोक्यावर वाहते, आणि कोपीवर येऊन स्वयंपाकही तीच करते. पहाटे सगळ्यांच्या आधी तीच उठते. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न देशभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. खाड्याच्या भीतीचा आणि ह्या शस्त्रक्रियांचा संबंध काय, ही चर्चा तेव्हा झाली. ज्या सुखासाठी घरातील दुसऱ्या माणसाला विसावा मिळत नाही ते चौथ्या सुखाच्या कसोटीला उतरत नाही. आबांनी त्या संध्याकाळी चहा केला, ही गोष्ट आम्हाला बाकी फिटण्याइतकीच मोठी वाटते.

आता विद्यार्थ्यांकडे वळतो. पहाटे पाच वाजता धारूरच्या रस्त्याने निघालात तर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले-मुली भेटतील. ज्यांना थोडी सोय आहे ते पुण्याला जातात, पेठांतल्या खोल्यांत चौघे-पाच जण राहतात, अभ्यासिकेत बारा-बारा तास बसतात. लाखो अर्ज आणि मोजक्या जागा. ह्यांत बहुसंख्य मुले निवडली जाणार नाहीत, हे साधे गणित आहे. ते त्यांना कोणी सांगत नाही.

आमच्या ओळखीतला एक मुलगा असाच आठ वर्षे पुण्यात होता. दोनदा मुलाखतीपर्यंत गेला. एकतिसाव्या वर्षी परत आला आणि वस्तीत तोंड दाखवीना. धम्मचक्र प्रवर्तन दिनालाही विहारात आला नाही. आम्ही त्याच्या घरी गेलो आणि जे बोलायला नको होते तेच बोललो. "अजून एक प्रयत्न कर, आपल्या समाजाला अधिकाऱ्यांची गरज आहे." तो मान खाली घालून ऐकत होता. त्याची आई म्हणाली, "सर, आधी त्याला जेवायला सांगा." तेव्हा आम्ही गप्प झालो.

घरी येताना सोण भिक्खूची कथा आठवली. चंपानगरीच्या धनिकाचा हा मुलगा, अतिशय सुकुमार. भिक्खू झाल्यावर राजगृहाजवळ त्याने चंक्रमण करून करून पाय रक्तबंबाळ करून घेतले. एवढे करूनही हाती काही लागेना, तेव्हा त्याच्या मनात आले की घरी परत जावे. भगवंत त्याच्याकडे आले आणि त्यांनी त्याला वीणेबद्दल विचारले, कारण तो पूर्वी वीणा चांगली वाजवीत असे. तारा फार ताणल्या तर सूर निघतो काय? नाही. फार ढिल्या सोडल्या तर? तरीही नाही. ह्या कथेत एक गोष्ट आम्हाला आधी कधी दिसली नव्हती. भगवंतांनी सोणाला वीणा खाली ठेव असे सांगितले नाही. आणखी ताण असेही सांगितले नाही. त्याचे पाय पाहिले, आणि त्याला जे येत होते त्याच्यापासून बोलायला सुरुवात केली.

पुढच्या खेपेस आम्ही त्या मुलाला परीक्षेबद्दल विचारलेच नाही. तुला काय चांगले येते, एवढेच विचारले. गणित, तो म्हणाला. आता तो दिवसा एका आडत दुकानात हिशेब लिहितो आणि संध्याकाळी वस्तीतल्या आठवी ते दहावीच्या मुलांना गणित शिकवितो. फार मोठी गोष्ट घडली असे आम्ही म्हणणार नाही. अधिकारी व्हायचे राहिले ह्याची सल त्याला आहे, ती राहील. मध्ये एकदा आम्ही सहज विचारले, बरे चालले आहे ना? तर म्हणाला, "सर, रात्री झोप लागते आता."

व्यग्घपज्ज ह्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका कोलिय गृहस्थाने भगवंतांना विचारले होते, आम्ही घरसंसारी माणसे, मुलाबाळांच्या गर्दीत राहणारी, चंदन-फुलांचा शौक असणारी. आम्हाला झेपेल असे काही सांगा. त्याला भगवंतांनी संसार सोडायला लावले नाही. उद्योगात कुशल व्हा, मिळवलेले सांभाळा, चांगल्या माणसांची संगत धरा, आणि मिळकतीच्या मानाने राहा, असे सांगितले. ह्या शेवटच्या गोष्टीला समजीविता म्हणतात. तराजू धरणाऱ्याला जसे कोणते पारडे किती झुकले ते कळते, तसे गृहस्थाला आपली आवक-जावक कळली पाहिजे. फार उधळू नये आणि असून उपाशीही राहू नये. हा दुसरा भाग आपले कष्टाळू लोक हटकून विसरतात.

बाबासाहेबांसारखा महत्त्वाकांक्षी पुरुष आपल्या काळात दुसरा झाला नाही. पण त्यांच्या दिवसात पुस्तकांचा, बागेचा, चित्रांचा विरंगुळा होता. उतारवयात ते व्हायोलिन शिकत होते. घटना लिहिणाऱ्या माणसाला व्हायोलिन शिकायला वेळ काढावासा वाटला, हे विद्यार्थ्यांनी पाहून ठेवावे. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, तरीही.

आपल्याकडे तर विरंगुळा डोंगरावर लगडतो. पावसाळा सरला की बालाघाटात सीताफळे उतरतात. बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचे आम्हाला कौतुक आहे. पण मानांकनाच्या आधीही ते तितकेच गोड होते. टोपलीतले डोळे उघडलेले फळ निवडायचे, दाराशी बसून फोडायचे, बिया अंगणात थुंकायच्या. हे चमच्याने खाता येत नाही आणि घाईने खाता येत नाही. घाईत बी दाताखाली येते.

तो प्रश्न विचारणारा विद्यार्थी सध्या पोलीस भरतीची तयारी करतो आहे. सकाळी धावतो, दुपारी वाचतो. आम्ही हा लेख लिहून झाल्यावर त्याला आधी वाचायला दिला. त्याने वाचून परत केला आणि म्हणाला, "सर, म्हणजे अभ्यास करायचाच ना?" आम्ही म्हणालो, करायचाच. मग त्याने पिशवीतून चार सीताफळे काढून ओट्यावर ठेवली. त्याला घरी जायची घाई नव्हती.